हिरवे पतंग आणि एका उपकुळाचे फिरते नाव : पार्श्वभूमी

पावसाने दोन दिवस उघडीप दिली की नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या कडेला पांढरी चादर बांधून दिवा लावावा. किड्यांच्या गर्दीत एखादा निळसर हिरवा पतंग येतोच. तो चारही पंख सपाट पसरून चादरीला चिकटवल्यासारखा बसतो. पंखांवर पांढऱ्या बारीक रेघा असतात आणि मागच्या पंखाच्या कडेला एक लहानसे टोक असते. त्याला जिओमेट्रिडी कुळातल्या जिओमेट्रिनी या उपकुळात टाकून आपण मोकळे होतो. मात्र हे उपकुळाचे नाव गेल्या सव्वाशे वर्षांत एकाच गटाला चिकटून राहिलेले नाही, आणि जुने ग्रंथ चाळणाऱ्याची फसगत तिथेच होते.

कुळाचे नाव अळीच्या चालीवरून आले आहे. या अळ्यांना पोटाच्या मागच्या भागात पायांच्या दोनच जोड्या असतात, त्यामुळे अळी पाठीची कमान करून जमीन मोजल्यासारखी पुढे सरकते. विदर्भातला शेतकरी सोयाबीनवरच्या ज्या अळीला हिरवी उंटअळी म्हणतो, तीही अशीच चालते. पण तिला अशा पायांच्या तीन जोड्या असतात आणि तिचा पतंग तपकिरी, वेगळ्याच कुळातला निघतो. उंटअळी हा शब्द चालीचा आहे, नात्याचा नाही. हे इथे सांगावे लागते, कारण हिरव्या पतंगाची अळी ती हिरवी उंटअळी असा समज शिकल्यासवरल्या लोकांतही आढळतो.

लिनियसने १७५८ साली या सगळ्या पतंगांना ‘जिओमेट्रा’ या एकाच गटात घातले. ज्यांच्या शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) पिसासारख्या त्यांच्या नावाच्या शेवटी ‘आरिया’, ज्यांच्या साध्या दोऱ्यासारख्या त्यांच्या शेवटी ‘आटा’, असा त्याचा ढोबळ संकेत होता. युरोपातला मोठा हिरवा पतंग, पॅपिलिओनारिया, त्याच यादीतला. १८१५ मध्ये जिओमेट्रिडी हे कुळाचे नाव रूढ झाले. पुढची साठ-सत्तर वर्षे मुख्यतः जाती गोळा करून त्यांना नावे देण्याची आहेत.

खरा घोळ त्यानंतरचा. १८९२च्या सुमारास पंखांच्या शिरांवरून वर्गीकरण करण्याची पद्धत पुढे आली. मागच्या पंखातली एक मधली शीर हिरव्या गटात ठळक असते आणि वरच्या शेजारणीच्या जवळून निघते; तपकिरी-करड्या पतंगांच्या मोठ्या गटात तीच शीर पुसट होते किंवा नाहीशी होते. हा निकष आजही उपयोगी पडतो. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पतंगांवरच्या ग्रंथमालेचा तिसरा खंड १८९५ मध्ये निघाला. निलगिरीत चहाचे मळे सांभाळून पुढे लंडनच्या संग्रहालयात गेलेल्या अभ्यासकाने तो लिहिला आणि त्यात हिरव्या गटालाच जिओमेट्रिनी म्हटले. त्याच्याकडचे नमुने भरपूर होते, तरी भर सिक्कीम, खासी टेकड्या, निलगिरी आणि सिलोनवर होता. मध्य प्रांताच्या कोरड्या रानाच्या वाट्याला बहुतेक वेळा ‘सर्व भारत’ एवढेच शब्द आले.

१९१२ पासून मात्र दुसऱ्या एका ब्रिटिश तज्ज्ञाने हिरव्यांना हेमिथीनी म्हणायला सुरुवात केली. त्याच काळात जर्मनीतून निघणाऱ्या जगभरच्या पतंगांच्या सचित्र मालेत जिओमेट्रिनी हे नाव तपकिरी-करड्यांच्या त्या मोठ्या गटाला दिले गेले, ज्याला आज आपण एनोमिनी म्हणतो. उपकुळाचे नाव त्याच्या नमुनादर्शक प्रजातीमागे (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) जाते, म्हणून ‘जिओमेट्रा’ ही प्रजाती नेमकी कोणत्या जातीवर बेतलेली यावर सगळे अवलंबून होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅपिलिओनारियाच्या बाजूने निकाल स्थिरावला आणि नाव हिरव्यांकडे परतले. निर्णय नियमाला धरूनच झाला. पण अर्धशतकभर दोन अर्थांनी वापरलेले नाव पुन्हा वापरात आणण्यापेक्षा हेमिथीनी ठेवले असते तर वाचकांचा त्रास वाचला असता, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. १९१५चा ग्रंथ उघडून जिओमेट्रिनीखाली झाडाच्या सालीसारखे पतंग पाहिले की आपले पान चुकले असे वाटते. पान बरोबरच असते.

‘हिरवे’ हा शब्दही पुरता विश्वासाचा नाही. सह्याद्रीत दिवसा उडणारा पिवळा-जांभळट डिसफॅनिया आणि करडी-पांढुरकी पिंगासा याच उपकुळात मोडतात. १९९०च्या दशकात या हिरव्या रंगद्रव्याचा रासायनिक अभ्यास होऊन त्याला जिओव्हर्डिन हे नाव मिळाले. हे रंगद्रव्य ओलाव्यापुढे टिकत नाही. ऑगस्टमध्ये झाकण नीट न लागलेल्या डब्यात राहिलेला आमचा एक नमुना दसऱ्यापर्यंत वाळल्या तणसासारखा पिवळा पडला होता. जुन्या संग्रहांतल्या फिकट नमुन्यांवरून लिहिलेली रंगवर्णने म्हणूनच जपून वाचावी लागतात.

चादरीवरच्या त्या निळसर हिरव्या पतंगाला आपल्याकडच्या याद्यांत सहसा थॅलासोडीस क्वाड्रारिया हे १८५७ सालचे नाव दिले जाते. १९९६ मध्ये बोर्निओच्या पतंगांवर काम करताना थॅलासोडीस या प्रजातीतून पेलागोडीस ही वेगळी प्रजाती काढण्यात आली. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. फरक नराच्या जननेंद्रियांच्या रचनेत आहे, आणि तो पाहण्यासाठी पतंग मारून पोटाचे टोक अल्कलीत शिजवावे लागते. मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून क्वाड्रारिया असे ठामपणे लिहिण्याला त्यामुळे आधार राहत नाही. त्या नोंदी ‘थॅलासोडीस किंवा पेलागोडीस’ अशाच ठेवाव्या लागतील.