मोतीबिंदू शस्त्रक्रिया : पूर्वतयारी आणि नंतरची शुश्रूषा

डोळ्यातील नैसर्गिक भिंग वयोमानाने, मधुमेहाने, मार लागल्याने किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्याने गढूळ झाले की त्यास मोतीबिंदू म्हणतात. कोणत्याही थेंबांनी ते पुन्हा स्वच्छ होत नाही. गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवणे एवढाच उपाय आहे. केंद्र सरकारने १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केल्यापासून ही शस्त्रक्रिया शिबिरांच्या वाटेने खेड्यापाड्यांत पोहोचली. बेळगाव सीमाभागातील रुग्ण ती बेळगाव शहरात करून घेतात, तर निपाणी, चिकोडी, अथणीकडचे पुष्कळ जण कोल्हापूर, गडहिंग्लज किंवा मिरजेचा रस्ता धरतात.

या भागात प्रचलित असलेले पथ्याचे बरेच नियम जुन्या शस्त्रक्रियेचे आहेत. पूर्वी दहा-बारा मिलिमीटरचा छेद घेऊन टाके घालावे लागत, रुग्णाला हालचाल न करता पडून राहावे लागे आणि नंतर जाड भिंगाचा चष्मा येई. कृत्रिम भिंग हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनमध्ये १९४९ साली प्रथम बसवले, तरी ते आपल्याकडील शिबिरांत रुळण्यास काही दशके गेली. आज फेको पद्धतीत, म्हणजे ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याच्या पद्धतीत, छेद जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचा असतो. बिनटाक्याच्या लहान छेदाच्या पद्धतीत तो सहा-सात मिलिमीटरचा असला तरी आपोआप मिटतो. त्यामुळे दीड महिना अंथरूण धरण्याचे कारण उरलेले नाही. मात्र ‘हल्ली काहीच नसते’ असे समजून चौथ्या दिवशी शेतात जाणे हे त्याहून घातक आहे.

मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहणे हाही असाच जुना संकेत होय. फार पिकलेले भिंग कठीण होते, कधी डोळ्यातील दाब वाढवते आणि शस्त्रक्रिया अवघड करते. म्हणून रोजच्या कामात अडचण येऊ लागली की तपासून घेणे इष्ट. मोसमाचे बंधन वैद्यकीय नाही, पण सोयीचा विचार करावाच लागतो : खानापुरात भाताच्या रोपलावणीच्या तोंडावर किंवा रायबाग-अथणीकडे ऊसतोडीच्या ऐन भरात घरातील सोबतीचे माणूस मोकळे नसते.

पूर्वतयारीत रक्तदाब, रक्तातील साखर आणि आवश्यकतेनुसार हृदयाचा आलेख तपासला जातो. अश्रुमार्ग मोकळा आहे की नाही हे पाहतात आणि डोळ्याची लांबी व बुबुळाची वक्रता मोजून भिंगाचा नंबर ठरवतात. साखर आटोक्यात नसेल किंवा डोळा आलेला असेल तर तारीख पुढे ढकलली जाते. चालू औषधांची चिठ्ठी बरोबर न्यावी. लघवीच्या त्रासासाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्या पुरुषांनी ते आवर्जून सांगावे, कारण त्या औषधाने शस्त्रक्रियेत बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सैल पडून अडथळा येतो; रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. संमतिपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर अंगठा उठवण्यापूर्वी ते मराठीतून समजावून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. थेंबांच्या वेळाही तेथेच मराठीत लिहून घ्याव्यात.

शस्त्रक्रिया बहुधा डोळा बधिर करूनच होते आणि गुंतागुंत नसल्यास पंधरा-वीस मिनिटांत आटोपते. त्यानंतर एक-दोन दिवस खुपल्यासारखे वाटणे, पाणी येणे आणि रंग किंचित निळसर दिसणे स्वाभाविक आहे.

खरी शुश्रूषा घरी होते आणि ती मुख्यतः थेंबांची आहे. प्रतिजैविक व स्टेरॉइडचे थेंब टप्प्याटप्प्याने कमी करत साधारण चार ते सहा आठवडे चालतात. दिसू लागले म्हणून दहाव्या दिवशी ते बंद करणे ही सर्वांत मोठी चूक असून त्याने आतली सूज उसळते. हात साबणाने धुऊन, खालची पापणी ओढून, बाटलीचे टोक डोळ्याला न लावता एक थेंब घालावा आणि दुसऱ्या औषधापूर्वी पाच मिनिटे थांबावे. पहिला आठवडा झोपताना डोळ्यावर कवच ठेवावे. आंघोळ गळ्याखालून करावी. घागर, पोते उचलणे आणि डोळा चोळणे टाळावे. चुलीचा धूर, निपाणीच्या तंबाखू वखारीतील धूळ आणि वीटभट्टीची राख यांपासून काही आठवडे दूर राहावे. चिंचलीला मायाक्काच्या माघी यात्रेत उधळला जाणारा भंडारा हा तर डोळ्यात हमखास जाणारा पदार्थ, तेव्हा त्या वर्षी दर्शन पुढे ढकललेले बरे. वांगे, आंबट व वातूळ पदार्थ वर्ज्य करण्याच्या चालीला आधार नाही. मधुमेहाचे पथ्य मात्र पाळावे आणि बद्धकोष्ठ होऊ देऊ नये.

दुखणे कमी न होता वाढणे, लाली वाढणे किंवा आलेली नजर पुन्हा कमी होणे ही डोळ्याच्या आतील जंतुसंसर्गाची लक्षणे असू शकतात. तो बहुधा पहिल्या आठवड्यात दिसतो आणि त्यात तासांना महत्त्व असते; पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. विजेसारखे चमकारे किंवा काळा पडदा दिसल्यासही तसेच करावे.

एका अंतराचे भिंग बसवल्यास वाचनासाठी चष्मा लागतोच. त्याचा नंबर सहसा चार-सहा आठवड्यांनी काढतात. काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले, तर लोक ‘मोतीबिंदू परत आला’ म्हणतात. प्रत्यक्षात भिंगामागचे पातळ आवरण गढूळ झालेले असते आणि याग लेसरने ते काही मिनिटांत, चिरफाड न करता मोकळे करता येते.