बार्सिलोनाचे २१ वर्ग

परवा सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर वाद झाला. मानसिक आजारातून सावरणाऱ्यांसाठी इंग्लंडमध्ये रीतसर वर्ग भरतात, असं मी सांगत होतो. आमचे पिंपळगाव बसवंतचे एक बागायतदार स्नेही मध्येच म्हणाले, "सर, डोक्याच्या आजाराला शिकवणी? मग उद्या शुगरचीही काढा की! नाशकात क्लासेसना काय तोटा आहे?"

टोला बरा होता, पण शुगरची शिकवणी असतेच. इन्सुलिन कुठे टोचायचं, साखर उतरू लागल्याची चिन्हं कोणती, पायाची जखम रोज कशी पाहायची, हे मधुमेह्याला शिकवणं हा उपचाराचाच भाग आहे. मनाच्या आजारात मात्र 'शिकवणं' म्हटलं की लोकांना उपदेश आठवतो. चांगले विचार करा, मन रमवा, देवाचं नाव घ्या. अभ्यासक्रम वेगळा आणि उपदेश वेगळा.

लंडनच्या नैऋत्य भागात २००९ साली पहिलं 'रिकव्हरी कॉलेज' सुरू झालं. आज दोन डझनांहून अधिक देशांत अशी कॉलेजं आहेत. तिथे केसपेपर निघत नाही. माहितीपुस्तिका बघून विषय निवडायचा आणि विद्यार्थी म्हणून नाव घालायचं. वर्ग दोघं मिळून घेतात, एक मानसोपचाराच्या पेशातला आणि दुसरा त्या आजारातून स्वतः गेलेला. यामागची कल्पना बॉस्टनच्या विल्यम अँथनी यांनी १९९३ मध्ये मांडली होती. आजार पूर्ण जाईल न जाईल, पण त्याने घातलेल्या मर्यादांसह समाधानाचं, उपयोगाचं आयुष्य जगता येणं म्हणजे रिकव्हरी. मराठीत याला 'बरं होणं' म्हणण्यापेक्षा 'सावरणं' म्हणावं.

हे सगळं छान आहे, पण मी खरा प्रेमात आहे तो बार्सिलोनाच्या एका प्रयोगाच्या. फ्रान्सेस्क कोलोम, एदुआर्द व्हिएता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००३ मध्ये प्रसिद्ध केला. बायपोलरचे १२० रुग्ण, सगळे औषधांवर आणि त्या वेळी स्थिर. बायपोलर म्हणजे कधी महिनोन् महिने नैराश्य, तर कधी उन्माद. उन्मादात माणूस अफाट बोलतो, पैसा उधळतो, झोपत नाही. निम्म्या रुग्णांना २१ वर्गांचा अभ्यासक्रम शिकवला. उरलेले निम्मेही २१ वेळा जमले, पण त्यांना अभ्यासक्रम नव्हता, नुसत्या गप्पा. दोन वर्षांत गप्पांच्या गटातल्या ९२ टक्के लोकांचा आजार उलटला, शिकलेल्यांपैकी ६७ टक्के लोकांचा. म्हणजे शिकूनही दोन तृतीयांश पुन्हा आजारी पडले, हे झाकायचं कारण नाही. पण दर शंभरात पंचवीस जणांचा हा फरक औषधांच्या वरचा आहे आणि माणसांच्या नुसत्या सोबतीच्याही वरचा आहे.

तो गप्पांचा गट का हवा, हे समजून घ्यायला स्पेनला जायची गरज नाही, त्र्यंबकेश्वर पुरे. उन्मादाचा झटका उपचार केले नाहीत तरी बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप ओसरतो. घरचे आधी वाट पाहतात, मग डॉक्टर बदलतात, आणि अगदी टेकीला आले की कालसर्पाची शांती करतात. टेकीला येण्याची वेळ म्हणजे झटक्याचं शिखर, त्यानंतर उतारच असतो. श्रेय शेवटी जे केलं त्याला मिळतं. 'दोन दिवसांत मन जिंका' म्हणत हॉटेलच्या हॉलमध्ये हजारो रुपये घेणाऱ्या शिबिरांचंही गणित हेच, फक्त तिथे दक्षिणेची पावती मिळते. तुलनेचा गट नसेल तर शांती, शिबिर आणि अभ्यासक्रम तिन्ही सारखेच गुणकारी दिसतात.

त्या २१ वर्गांत आजाराची ओळख, औषधं, व्यसनं, उलटण्याची पहिली चिन्हं असे विषय होते. आणि एक धागा होता झोपेच्या आणि दिवसाच्या नियमितपणाचा. इथे जरा थांबू या.

झोप दोन गोष्टींनी ठरते. एक, जागेपणी मेंदूत अडेनोसिन साचत जातं आणि झोपेचा दाब वाढतो. दोन, मेंदूतलं घड्याळ. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या वरच सुमारे २०,००० चेतापेशींचा एक जोड-पुंजका आहे. त्याच्या पेशींमध्ये काही जनुकं प्रथिनं बनवतात, तीच प्रथिनं साचली की आपल्याच जनुकांना बंद करतात, मग विघटित होतात आणि फेरा पुन्हा सुरू होतो. एक फेरा साधारण २४ तासांचा. रोजचा काटा जुळवतो तो उजेड. डोळ्याच्या पडद्यावर मेलॅनोप्सिन असलेल्या काही पेशी असतात, निळसर उजेडाला विशेष संवेदनशील. 'दिवस आहे' हा निरोप त्या थेट घड्याळाला देतात. या घड्याळाच्या प्रथिनांवर जीएसके-३ नावाचं विकर काम करतं आणि त्याला लगाम घालतं लिथियम, म्हणजे जॉन केड यांनी १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात उन्मादावर वापरून पाहिलेलं तेच औषध. लिथियमचा गुण यामुळेच येतो असं म्हणणं घाईचं होईल, पण धागा मोहात पाडणारा आहे.

एवढं डोक्यावरून गेलं असेल तर सोडून द्या, पुढचं मात्र सोडू नका. बायपोलरमध्ये एका रात्रीचं जागरण उन्मादाची ठिणगी ठरू शकतं. घरचं लग्न, गोंधळ, अंबडच्या कारखान्यातली बदललेली पाळी, काहीही. झोप कमी झाली की उत्साह चढतो, चढल्या उत्साहाने झोप आणखी घटते. चक्र स्वतःलाच ढकलत राहतं. ओळखायची खूण अशी. निद्रानाश झालेला माणूस तीन तास झोपून कुरकुरत उठतो. उन्मादाकडे निघालेला तीन तास झोपूनही ताजातवाना उठतो आणि पहाटे चारला कपाट आवरायला घेतो. घरच्यांना वाटतं, चला, बरा झाला! नेमकं इथेच शिकणं कामाला येतं. ही खूण पहिल्या-दुसऱ्या दिवशी पकडून डॉक्टरांना कळवलं तर झटका अडवायची संधी असते, पंधरा दिवसांनी उशीर झालेला असतो.

म्हणून घरच्यांनाही शिकवायला हवं, आणि हे काही परदेशातून आणायचं नाही. डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून नातेवाईकांना रुग्णांसोबत राहायला बोलावलं होतं. ते नातेवाईक आजार शिकून घरी गेले.

रिकव्हरी कॉलेजांबद्दल माझी तक्रारही नोंदवतो. त्यांच्या बाजूचा बराच पुरावा 'आधी कसं वाटायचं, आता कसं वाटतं' या थाटाचा आहे. विद्यार्थी समाधानी असतात, आशा वाढल्याचं सांगतात, ते मोलाचंच. पण त्र्यंबकला लावलेली फूटपट्टी लंडनला लावायची नाही, असं कसं चालेल? बार्सिलोनासारखा तुलनेचा गट तिथेही हवा.

नाशिकला तर दोन विद्यापीठं हाताशी आहेत. १९८९ पासूनचं मुक्त विद्यापीठ, ज्याची ख्यातीच शाळा सुटलेल्यांना पुन्हा शिकवण्याची, आणि १९९८ पासूनचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. शिकवायचं कसं हे एकाला ठाऊक, आजार काय हे दुसऱ्याला. दोघांनी मिळून 'बायपोलर आणि घर' असा २१ तासिकांचा अभ्यासक्रम केला, शिकवायला एक डॉक्टर आणि एक सावरलेला माणूस उभा केला, आणि सोबत गप्पांचा गट ठेवून दोन वर्षं मोजलं, तर मी पहिल्या बाकावर बसेन. तोवर मोफत सल्ल्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. आणि चालू औषध मनाने बंद करायचं नाही, हे पुन्हा सांगतो.

ट्रॅकवर हे सगळं ऐकून स्नेही गप्प झाले. मग दोन फेऱ्यांनंतर हळूच म्हणाले, "पुतण्याचं तसंच आहे हो. गेल्या वेळी छाटणीच्या दिवसांत रात्रभर ट्रॅक्टर धूत बसायचा. आम्ही म्हटलं, पोरगं कामाला लागलं."

मी म्हटलं, द्राक्षावर डावणीचा रोग येणार हे तुम्हाला कसं कळतं?

"पानं किती तास ओली राहिली त्यावरून. डाग दिसेपर्यंत थांबलो तर बाग गेली."

मग त्याची झोप किती तास, तेवढं लिहीत चला.

"कुठे लिहायचं?"

फवारणीच्या वहीत. शेजारच्या रकान्यात.