कारखान्यातल्या सेन्सर डेटाचं कॉम्प्रेशन

कारखान्यातले तापमान, प्रेशर, फ्लो, व्हायब्रेशन मोजणारे सेन्सर सेकंदासेकंदाला जे आकडे देतात ते इंटरनेटवरून क्लाउडला पाठवण्याआधी तिथेच, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या (पीएलसीच्या) शेजारी पॅनलमध्ये बसवलेल्या गेटवे नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर लहान करून घेणं याला सेन्सर डेटा कॉम्प्रेशन म्हणतात. नाव ऐकून झिप फाइलसारखं काहीतरी डोळ्यासमोर येतं, पण झिप करणं हा यातला शेवटचा आणि सोपा भाग आहे, खरं काम आहे ते कुठला आकडा पाठवायचाच नाही हे ठरवण्याचं.

साखर कारखान्याचा हिशोब घेऊ. मिल हाऊस, बॉयलर, टर्बाइन आणि बॉयलिंग हाऊस मिळून ५०० टॅग धरले, टॅग म्हणजे एका मोजमापाला दिलेलं नाव, आणि प्रत्येकाचा आकडा दर सेकंदाला जेसन या नाव-आकडा जोड्यांच्या मजकुरात पाठवला तर टॅगचं नाव, तारीख, वेळ, कंस, अवतरणचिन्हं सगळं धरून एका आकड्याला साधारण ८० बाइट लागतात, म्हणजे दिवसाला जवळजवळ ३.५ जीबी. यात मोजलेला आकडा केवढा, तर ४ बाइट. नुसते हे ४-४ बाइट पाठवले तर दिवसाचे १७३ एमबी होतात, बाकी सगळं ओझं नावाचं आणि वेळेचं. कारखाना गावाबाहेर उसाच्या पट्ट्यात, गेटवेमध्ये मोबाइलचं सिम, रेंज कधी आहे कधी नाही, अशा ठिकाणी हा फरक फार मोठा असतो. म्हणून पहिली सुधारणा अगदी साधी असते, नावाऐवजी एक छोटा नंबर द्यायचा आणि मजकुराऐवजी बायनरी, म्हणजे थेट बिट-बाइट, पाठवायचं. दशांशांचंही तेच. सेन्सरचा ४-२० मिलिअँपचा करंट १२ बिटच्या कार्डावर घेऊन आकड्यात बदलला की त्याच्या फक्त ४०९६ पायऱ्या होतात, ० ते ६०० अंशांच्या रेंजला एक पायरी सुमारे ०.१५ अंशाची, मग ४९८.३७२१ असा आकडा पाठवण्यात काहीच अर्थ नसतो, शेवटचे तीन आकडे सेन्सरने मोजलेलेच नसतात.

दुसरी पायरी डेडबँडची. आधी पाठवलेल्या आकड्यापेक्षा ठरावीक फरक पडला तरच नवीन आकडा पाठवायचा, नाहीतर गप्प बसायचं. टाकीची लेव्हल तासभर हललीच नाही तर ३६०० वेळा तोच आकडा कशाला सांगायचा. पण गप्प बसण्यात एक धोका आहे, समोरच्याला कळत नाही की लेव्हल स्थिर आहे की केबल तुटली आहे, म्हणून काही बदललं नसलं तरी दर काही मिनिटांनी एक आकडा पाठवायचाच असं बंधन घालतात. एमक्यूटीटी या डेटा पाठवायच्या प्रोटोकॉलमध्ये याच्यासाठी आणखी एक सोय आहे, गेटवे जोडला जातानाच एक निरोप देऊन ठेवतो आणि त्याची लाइन अचानक तुटली की ब्रोकर, म्हणजे मधला निरोप्या सर्व्हर, तो निरोप ज्यांनी मागून ठेवला आहे त्या सगळ्यांना वाटतो. एमक्यूटीटीचा जन्मच अशा अडचणीतून झाला, १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि अर्लन निपर यांनी तो तेलाच्या पाइपलाइनींवर नजर ठेवायला बनवला, तिथे डेटा सॅटेलाइटवरून जायचा आणि एकेक बाइट महाग होता, म्हणून त्याचं सगळ्यात लहान हेडर, म्हणजे प्रत्येक निरोपाच्या आधी लागणारी माहिती, फक्त २ बाइटचं आहे.

डेडबँडच्या पुढची युक्ती म्हणजे स्विंगिंग डोअर, झुलत्या दाराची पद्धत. फॉक्सबरो कंपनीतल्या एडगर ब्रिस्टल यांच्या नावावर तिचं १९८७ चं अमेरिकन पेटंट आहे आणि पीआय सारख्या हिस्टोरियनमध्ये, म्हणजे कारखान्याचे जुने आकडे साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ती आजही चालते. समजा वाफेचं तापमान ४८० वरून ५०० अंशांवर २० मिनिटांत एकसारखं चढतंय आणि आपण १ अंशाची सूट दिली आहे. शेवटी ठेवलेल्या बिंदूच्या १ अंश वर एक बिजागरी आणि १ अंश खाली एक बिजागरी असं समजा, दोन्हीला एकेक दार. नवीन रीडिंग आलं की दारं गरजेपुरती उघडतात, उघडलेलं दार परत मिटत नाही, आणि ज्या क्षणी दोन्ही दारं समांतर होऊन पलीकडे जायला लागतात त्या क्षणी समजायचं की आता सरळ रेषेत बसत नाही, मग आधीचा बिंदू ठेवायचा आणि तिथून नव्याने सुरुवात. वरच्या उदाहरणात १२०० रीडिंगांऐवजी सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन बिंदू पुरतात. साध्या डेडबँडने याच चढाला वीसेक बिंदू लागले असते.

जे काही पाठवायचं ठरलं त्याला मग लॉसलेस कॉम्प्रेशन लावतात, म्हणजे पलीकडे जसंच्या तसं उलगडता येणारं. फेसबुकने २०१५ मध्ये मांडलेली गोरिला पद्धत इथे बघण्यासारखी आहे, जरी ती कारखान्यासाठी नाही तर सर्व्हरच्या देखरेखीसाठी केली होती. दर ६० सेकंदांनी येणाऱ्या रीडिंगच्या वेळा लिहायच्याच नाहीत, दोन वेळांमधल्या अंतरात किती फरक पडला तेवढंच लिहायचं, तो बहुतेक वेळा शून्य असतो आणि शून्याला एक बिट पुरतो. आकड्यांचंही तसंच, आधीच्या आकड्याशी बिट ताडून बघायचे आणि फक्त वेगळे निघालेले लिहायचे. वेळ आणि आकडा मिळून १६ बाइटची जोडी त्यांच्याकडे सरासरी १.३७ बाइटवर आली. झीस्टँडर्ड, एलझेड४ हे नेहमीचे कॉम्प्रेसरही चालतात, फक्त एकेका रीडिंगवर लावून फायदा नाही, मिनिटभराचा गठ्ठा करून लावायचे, आणि एन्क्रिप्शनच्या आधी लावायचे, कारण एन्क्रिप्ट झालेल्या डेटात दाबायला काही उरतच नाही. अलार्म मात्र गठ्ठ्यात अडकवायचा नाही, तो तसाच पुढे सोडायचा.

व्हायब्रेशनचं गणित वेगळंच आहे. एका सेन्सरचे सेकंदाला २५,६०० नमुने, एकेक २ बाइटचा, म्हणजे दिवसाला ४.४ जीबी एकाच बेअरिंगचे, आणि सिग्नल खडखडाटासारखा असल्यामुळे झिपने फारसा कमी होत नाही. म्हणून सिग्नलमध्ये कुठल्या फ्रिक्वेन्सी किती आहेत हे काढणारं गणित, एफएफटी, गेटवेवरच करतात, आरएमएस (एक प्रकारची सरासरी ताकद), पीक आणि ठरावीक फ्रिक्वेन्सींची उंची एवढंच वर पाठवतात, आणि काही बिघडतंय असं वाटलं तर कच्च्या सिग्नलचा छोटा तुकडा.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, डेडबँड कोण ठरवणार. मी एका कारखान्यात हे जवळून बघितलं आहे. गिअरबॉक्सच्या बेअरिंगचं तापमान, रेंज ० ते १५०, आणि कोणीतरी सगळ्या टॅगना एकच सेटिंग मारलेलं, १५ मिनिटांची सरासरी आणि ५ टक्के डेडबँड. बेअरिंग गेलं तेव्हा क्लाउडवर सरळ रेघ होती. कंट्रोल रूममधून कारखान्यावर नजर ठेवणाऱ्या स्काडा सॉफ्टवेअरमध्ये मात्र सेकंदाचा रेकॉर्ड होता, त्यात रात्रभरात तीन वेळा तापमान ३-३ मिनिटं २० अंशांनी चढलेलं दिसलं. १५ मिनिटांच्या सरासरीत ते २० अंश ४ च झाले आणि डेडबँड होता साडेसात अंशांचा, म्हणून एकही आकडा वर गेला नाही. मग क्लाउडवर कितीही हुशार मॉडेल बसवा, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. डेडबँड हा सेन्सरच्या स्वतःच्या थरथरीपेक्षा थोडा मोठा आणि मेंटेनन्सवाल्याला काळजी वाटेल अशा बदलापेक्षा बराच लहान असावा लागतो, आणि हे दोन्ही आकडे मशीनजवळ राहणाऱ्या माणसालाच माहीत असतात, सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने त्याला विचारल्याशिवाय हे भरूच नयेत. सरासरी पाठवायचीच असेल तर तिच्यासोबत त्या १५ मिनिटांतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडाही पाठवावा, दोन आकडे जास्त जातात पण वरचा चढ लगेच दिसला असता.

लाइन गेली तर काय, यासाठी गेटवे डेटा स्वतःच्या मेमरीत साठवतो आणि लाइन आल्यावर मूळ वेळेसकट पुढे ढकलतो.

चिमणीचा धूर आणि सांडपाणी मोजणाऱ्या सेन्सरना मात्र ही डेडबँडची सूट लावायची नसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मोजमाप बंधनकारक केलं, साखर कारखाने आणि डिस्टिलरी त्यात येतात, आणि तो डेटा फेरफार न करता मंडळाच्या सर्व्हरला जायला हवा. म्हणून अशा कारखान्यात दोन वाटा ठेवतात, प्रोसेसचा डेटा गाळून दाबून क्लाउडला आणि चिमणीचा जसा मोजला तसा थेट मंडळाला.