शापित सरदार उभाच राहणार नाही

जुना वाडा, अमावस्येची रात्र, घराण्याला लागलेला शाप. बारा वाजले की सरदारसाहेबांच्या बरगड्यांतून आठ पाय फुटतात आणि माणसाच्या वजनाचा कोळी तुळईवरून खाली उतरतो. गेम, कॉमिक्स, मालिका, सगळीकडे हा सरदार हजेरी लावून गेला आहे. नागपुरात त्याला जागा द्यायची तर महालातला एखादा पडका वाडा देऊ. शाप कसा लागला हे विचारायचे नाही, ते खाते आपले नव्हे. कोळी झाल्यावर तो चालेल का, एवढे मात्र तपासता येते.

शाळेत शिकलेले उत्तर तयार असते: लांबी दुप्पट केली की वजन आठपट होते, पायाच्या काटछेदाचे क्षेत्रफळ मात्र चौपटच, म्हणून पाय मोडतील. बरोबर आहे, पण हे गणित उंदरालाही लागू आहे. कोळ्याची अडचण त्याच्याही आधी सुरू होते. पाय मोडायला ते आधी सरळ तर व्हायला हवेत!

आपला कोपर घ्या. दंडाच्या पुढचा स्नायू हात दुमडतो, मागचा सरळ करतो. कोळ्याच्या प्रत्येक पायात सात खंड असतात आणि त्यांतल्या दोन मोठ्या सांध्यांत, मांडी-गुडघ्याच्या आणि नडगीच्या खालच्या, दुमडणारे स्नायू आहेत, सरळ करणारे नाहीतच. हे सांधे उघडतात ते रक्ताच्या दाबाने. डोके आणि छाती मिळून कोळ्याचा जो पुढचा भाग असतो, त्यावर एक कडक ढाल असते. आतले स्नायू आवळले की ही ढाल खाली ओढली जाते, रक्तद्रव पायांच्या पोकळ नळ्यांत शिरतो आणि सांध्याच्या आतल्या बाजूची घडी घातलेली मऊ त्वचा फुगून पाय ताठ होतो. पाय दुमडायचा तर स्नायू, उघडायचा तर दाब.

हा दाब १९५९ मध्ये पॅरी आणि ब्राउन या दोघांनी युरोपातल्या घरकोळ्यावर मोजला. निवांत असताना पाऱ्याचे सुमारे ५० मिलिमीटर आणि धडपडताना क्षणभर ४०० पर्यंत. आपला वरचा रक्तदाब १२० असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या चिमुकल्या ढालीखाली काय चालते ते कळेल.

आता सरदारांचा हिशेब मांडू. शापाने वजन वाढत नाही, ते ७० किलोच राहते असे धरू. नमुन्याला आपल्या न्हाणीघराच्या भिंतीवर बसणारा मोठा चपटा कोळी घेऊ, ज्याला हंट्समन म्हणतात. जाळे विणत नाही, झुरळे खातो, आणि मादी पांढरी चकतीसारखी अंड्यांची पिशवी अंगाखाली धरून फिरते. शरीर अडीच सेंटीमीटर, पायांचा पसारा १० सेंटीमीटर, वजन ढोबळमानाने १ ग्रॅम. वजन ७०,००० पट करायचे तर लांबी त्याच्या घनमुळाइतकी, म्हणजे ४१ पट वाढेल. शरीर मीटरभर, पायांचा पसारा चार मीटर. माजघर भरले.

वजन वाढले ७०,००० पट. दाब ज्या क्षेत्रफळावर काम करतो ते वाढले ४१ चा वर्ग, म्हणजे साधारण १,७०० पट. उरलेली ४१ पट तूट भरायची कोणी? दाबाने. नुसते उभे राहायला ५० गुणिले ४१, म्हणजे पाऱ्याचे दोन हजार मिलिमीटर, सुमारे ४० पीएसआय. गाडीच्या टायरात आपण ३२-३३ भरतो. झेप घ्यायची तर तीनशेच्या वर. आणि हा दाब तयार करणाऱ्या स्नायूचे क्षेत्रफळही १,७०० पटच वाढलेले, म्हणजे त्याच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरला ४१ पट ओढावे लागेल. असा स्नायू कुठल्याच प्राण्याकडे नाही. ढालीच्या भिंतीवरचा ताणही त्याच पटीत चढतो आणि सांध्याची मऊ त्वचा तर सगळ्यात आधी फाटते.

याच यंत्रणेत आणखी एक मेख आहे. कोळ्याचे हृदय मागच्या पोटात असते आणि तिथून रक्त बारीक कमरेतून पुढे येते. पळताना पुढच्या भागातला दाब हृदयाच्या दाबापेक्षा वर गेला की पुढे येणारा पुरवठा अडतो. स्नायूंना ताजा ऑक्सिजन मिळत नाही, शिवाय पुढचा द्रव मागे झिरपत राहतो. भिंतीवरचा कोळी विजेसारखा हातभर पळतो आणि गपकन थांबतो, त्यामागे हेच आहे. सरदार समजा उभे राहिलेच, तरी त्यांच्यापुढून पळायची गरज नाही, भरभर चालले तरी पुरे.

आता कोणी जपानी स्पायडर क्रॅबकडे बोट दाखवील, त्याच्या पायांचा पसारा साडेतीन मीटरच्या वर जातो. पण तो खेकडा आहे, पाय उघडायलाही त्याला स्नायू आहेत आणि वजन समुद्राचे पाणी पेलते. शापाने सरदारांना तसे स्नायू दिले तर मग त्यांना कोळी कशाला म्हणायचे? जमिनीवरचा सर्वांत वजनदार कोळी, दक्षिण अमेरिकेतला गोलायथ, पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास थांबतो. अर्जेंटिनात सापडलेल्या एका जीवाश्माला १९८० मध्ये महाकाय कोळी ठरवले गेले होते, २००५ मध्ये तो समुद्री विंचू या नामशेष जलचरांच्या गोतावळ्यातला निघाला. श्वासाची अडचण वेगळीच, तिच्यात इथे शिरत नाही.

दाबाचा हा खेळ अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या फे यॅप आणि डॅनियल प्रेस्टन यांनी २०२२ मध्ये उघड करून दाखवला. मेलेल्या लांडगा-कोळ्याच्या ढालीखाली बारीक सुई खुपसली, भोवती सुपरग्लू लावून फट बुजवली आणि सिरिंजने इवलीशी हवा सोडली. पाय उघडले. हवा ओढून घेतली, मिटले. हा चिमटा स्वतःच्या वजनाच्या १३० टक्क्यांहून जास्त वजन उचलत होता आणि हजारेक वेळा चालला. मग सांधे वाळून ठिसूळ होऊ लागले. त्यावर मेणाचा लेप हा उपाय. कोळी जितका मोठा तितके वजनाच्या मानाने उचलणे कमी, हेही त्यांना दिसले. याला ‘झोंबी रोबोट’ म्हणून फॉरवर्ड करण्यात अर्थ नाही. मेलेले काही जिवंत झालेले नाही, नळीत हवा गेली इतकेच.

दाब पाण्यावर अवलंबून असल्याने कोळी पाणी फार जपतो. त्याची विष्ठा म्हणजे बहुतांशी ग्वानिन या टाकाऊ द्रव्याचा पांढरा, घट्टसर लगदा. तेव्हा पावसाळ्यात मानेवर जळजळणारे पट्टे उठले की ‘कोळी मुतला’ म्हणून उतारा काढणे थांबवा. तो प्रताप बहुतेक वेळा दिव्यावर येणाऱ्या केशरी-काळ्या, सेंटीमीटरभर पीडेरस किड्याचा असतो. चिरडला की त्याच्या अंगातले पेडेरिन हे विषारी द्रव्य कातडीला लागते आणि दुसऱ्या दिवशी फोड येतात. बसला तर फुंकर मारून उडवा, चुकून चिरडलाच तर जागा लगेच साबणाने धुवा.

नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, कूलरच्या ताटीमागे पाय आत मुडपलेले कोळी सापडतात. ते सगळे मेलेले असतातच असे नाही. अंगातले पाणी घटले, दाब पडला, दुमडणारे स्नायू जिंकले. केरसुणी फिरवण्याआधी एक करून पाहता येते. झाकणात ओल्या कापसाचा बोळा ठेवून कोळ्याचा फक्त पुढचा भाग, तोंडाकडची बाजू, त्यावर टेकवा. पोट कोरडे राहू द्या, कारण श्वासाच्या फटी पोटाखाली आहेत आणि त्या बुडाल्या तर कोळी गुदमरतो. झाकण सावलीत ठेवा. जीव शिल्लक असेल तर काही तासांत पाय एकेक करून उघडू लागतात.