नोकरीचा राजीनामा : कर्मचाऱ्याचे हक्क व येणी (भारत)

नोकरीचा करार आपण स्वतःहून संपवत आहोत, असे कर्मचाऱ्याने मालकाला कळवणे म्हणजे राजीनामा. राजीनाम्याने पुढची नोकरी थांबते, पण केलेल्या नोकरीचे येणे त्यामुळे बुडत नाही. तरीही ‘तुम्ही स्वतःहून सोडलीत, मग आता कसले पैसे?’ हा प्रश्न कार्यालयांतून इतक्या सहज विचारला जातो, की अनेकजण तो कायदाच समजून गप्प बसतात. काम केलेल्या दिवसांचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी (केलेल्या सेवेबद्दल मालकाने द्यायची एकरकमी रक्कम), भविष्य निर्वाह निधी आणि बोनस यांपैकी एकही गोष्ट खासगी क्षेत्रात केवळ राजीनामा दिला म्हणून जात नाही. सरकारी नोकरीत मात्र चित्र बरेच वेगळे आहे. त्याविषयी पुढे आले आहे.

या हक्कांची तरतूद एकाच कायद्यात नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. यांखेरीज १८७२ चा करार कायदा, प्राप्तिकर कायदा, राज्यांचे दुकाने व आस्थापना कायदे आणि स्वतःचे नेमणूकपत्र, एवढ्यांचा मेळ घालावा लागतो. नेमणूकपत्र सही करताना कोणी नीट वाचत नाही आणि सोडताना तेच आधी शोधावे लागते.

राजीनामा देणे, मंजूर होणे, मागे घेणे

कोणालाही त्याच्या इच्छेविरुद्ध कामावर ठेवता येत नाही. वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सक्तीने पाळायला लावत नाही, हे १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचे तत्त्व आहे. कर्मचारी कराराबाहेर जाऊन निघून गेला, तर मालक नुकसानभरपाई मागू शकतो, पण त्याला खुर्चीवर परत आणून बसवू शकत नाही. नोकरीतला राजीनामा साधारणपणे मंजूर झाल्यावर पूर्ण होतो. मात्र मंजुरी अडवून ठेवायला नियमांचा आधार लागतो, उदाहरणार्थ खात्याअंतर्गत चौकशी चालू असणे. ‘सध्या माणसे कमी आहेत’ हे कारण त्यात बसत नाही.

पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा ती तारीख येईपर्यंत मागे घेता येतो. या नियमाचा आधार असलेला खटला एका न्यायाधीशाचाच आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. सतीशचंद्र यांनी ७ मे १९७७ रोजी राष्ट्रपतींना पत्र लिहून १ ऑगस्टपासून पद सोडत असल्याचे कळवले आणि १५ जुलैला दुसरे पत्र लिहून ते मागे घेतले. हे चालेल का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७८ मध्ये बहुमताने निकाल लागला, की १ ऑगस्ट उजाडण्यापूर्वी राजीनामा मागे घेण्याचा त्यांना अधिकार होता. नियमांत किंवा करारात वेगळे काही नसेल, तर नोकरदारांच्या बाबतीतही न्यायालये याच दिशेने जातात.

राजीनामा स्वेच्छेचा असावा लागतो. खोलीत बोलावून, समोर कोरा कागद ठेवून, ‘लिहून दे, नाहीतर काढून टाकू’ असे म्हणून घेतलेला राजीनामा कायद्याच्या नजरेत नोकरीवरून काढणेच ठरू शकतो. पण दबाव होता हे कर्मचाऱ्याला सिद्ध करावे लागते. म्हणून त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, घडले ते ईमेलने लेखी कळवणे फार महत्त्वाचे ठरते. महिन्याभराने, हिशेबाचे पैसे उचलून झाल्यावर केलेली तक्रार दुबळी पडते.

नोटीस पिरियड आणि बाँड

खासगी क्षेत्रातल्या सगळ्यांना लागू होईल असा राजीनाम्याच्या नोटिशीचा एकच कायदेशीर कालावधी नाही. तो नेमणूकपत्रावरून ठरतो आणि जेथे स्थायी आदेश (आस्थापनेतल्या सेवाशर्तींचे प्रमाणित नियम) लागू आहेत तेथील कामगारांसाठी त्यांवरून. नोटीस पूर्ण करायची नसेल, तर उरलेल्या दिवसांचा पगार भरून सुटका मिळते का, हेही करारातच पाहायचे. ‘बायआउट कंपनीच्या मर्जीवर’ अशी ओळ अनेक पत्रांत असते आणि तीन महिन्यांच्या नोटिशीत नवी नोकरी हातची जाते ती बहुधा याच ओळीमुळे. नोटिशीच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही, असा खुलासा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०२२ मध्ये केला आहे. हिशेबात तशी कपात दिसली तर हरकत घ्यावी.

बाँडचा, म्हणजे नोकरी सोडण्यावर बंधन घालणाऱ्या लेखी हमीचा, प्रश्न याहून अवघड आहे. करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे कोणालाही व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल असतो. त्यामुळे ‘सोडल्यानंतर दोन वर्षे स्पर्धक कंपनीत जाणार नाही’ या अटीची नोकरी संपल्यावर भारतात अंमलबजावणी होत नाही. गोपनीय माहिती न फोडण्याचे बंधन मात्र कायम राहते. नोकरी चालू असतानाची बंधने वेगळी. ठरावीक वर्षे टिकण्याचा बाँड त्यांतच मोडतो आणि मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या सेवेचा दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. यावरून कोणताही आकडा लिहून घेतला की तो वसूल होतो, असे समजू नये. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि प्रत्यक्षात वाजवी भरपाईच मिळते.

मूळ शैक्षणिक प्रमाणपत्रे तारण म्हणून अडकवून ठेवण्याचा हक्क कोणत्याही कामगार कायद्याने मालकाला दिलेला नाही. ही पद्धत अजून चालते, याचा राग यायला हवा.

शेवटचा हिशेब

यालाच बोलीत ‘फुल अँड फायनल’ म्हणतात. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात कामावरून काढलेल्याचा पगार दुसऱ्या कामाच्या दिवसाअखेर देण्याचे बंधन होते, पण शब्द होते ‘मालकाने नोकरी संपवली असेल तर’. स्वतः राजीनामा देणारा या वाक्याबाहेर राहायचा. शिवाय २०१७ पासून दरमहा २४,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांनाच तो कायदा लागू होता. चार संहितांपैकी वेतन संहितेने दोन्ही उणिवा भरून काढल्या. राजीनामा दिलेल्याचे वेतनही दोन कामाच्या दिवसांत द्यायचे आहे आणि पगाराची मर्यादा राहिलेली नाही, त्यामुळे व्यवस्थापकही त्यात आले. ‘पंचेचाळीस दिवसांनी हिशेब करू’ ही कंपन्यांची जुनी सवय या तरतुदीपुढे टिकत नाही.

पगारातून काय कापता येते याची यादीही कायद्यात आहे आणि एकूण कपात वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ शकत नाही. लॅपटॉप, ओळखपत्र, सिमकार्ड परत केल्याची पोच हातात असली, तर वादाची अर्धी कारणे तिथेच संपतात. ‘माझे काही येणे नाही’ या छापील ओळीवर पैसे खात्यात येण्यापूर्वी सही करू नये. करावीच लागली तर तिच्याखाली ‘रक्कम मिळाल्यावर’ असे स्वतःच्या हाताने लिहावे.

हक्काची रजा साठली असेल, तर तिचे पैसे मिळतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ही रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. खासगी कर्मचाऱ्याला नोकरी सोडताना मिळालेल्या रजेच्या पैशांवरील करसवलतीची आयुष्यभराची मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून २५ लाख रुपये आहे. किरकोळ रजा वापरली नाही, तर ती सहसा बुडते.

ग्रॅच्युइटी

एकेकाळी ग्रॅच्युइटी ही मालकाने खूश होऊन दिलेली बक्षिसी मानली जाई. केरळने १९७० मध्ये आणि पश्चिम बंगालने १९७१ मध्ये तिला कायद्याचे रूप दिले. पाठोपाठ १९७२ चा केंद्रीय कायदा आला आणि ती हक्काची झाली. निवृत्तीइतकाच स्पष्ट उल्लेख त्यात राजीनाम्याचाही होता. आता हीच तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या दुकान-आस्थापनांना ती लागू होते.

अट सलग पाच वर्षांच्या सेवेची. श्रमिक पत्रकारांसाठी संहितेत ती तीन वर्षे आहे आणि ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांना एक वर्षाच्या सेवेनंतर त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. चार वर्षे पूर्ण करून पाचव्या वर्षी २४० दिवस भरले असतील, तर पाच वर्षे झाली असे मानावे, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे. पण तो देशभर सर्वांना बांधील नसल्याने, शक्य असेल त्याने पाच वर्षांची तारीख ओलांडूनच राजीनामा लागू करावा. दोन-तीन महिन्यांच्या घाईने ही रक्कम हातची गेलेली माणसे कमी नाहीत.

सूत्र सोपे आहे : शेवटचे मासिक वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे. सहा महिन्यांपेक्षा जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष धरला जातो. समजा वेतन ३०,००० रुपये आणि सेवा ७ वर्षे ८ महिने. वर्षे धरायची आठ, रक्कम येते सुमारे १,३८,४६२ रुपये. भागाकार ३० ने केला, तर तीच १,२०,००० वर येते, म्हणजे अठरा हजारांचा फटका. आठवड्याची सुटी वजा जाता महिन्याचा पगार २६ दिवसांच्या कामाचा असतो, हे यामागचे कारण. दिग्विजय वूलन मिल्सच्या खटल्यात १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले आणि पुढे कायद्यातच २६ हा आकडा आला. हिशेबाच्या कागदावर तो भाजक स्वतः तपासावा.

वेतन म्हणजे काय, यावरही बरेच अवलंबून असते. मूळ पगार मुद्दाम कमी ठेवून भत्ते फुगवण्याची चाल जुनी आहे. संहितेच्या व्याख्येनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच मोजायचा. एकूण ६०,००० आणि मूळ पगार २०,००० असेल, तर ग्रॅच्युइटीसाठी वेतन ३०,००० धरले जाईल.

रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यायची असते, उशीर झाल्यास व्याजासह. कमाल मर्यादा मार्च २०१८ पासून २० लाख आहे. मालक स्वखुशीने जास्त देऊ शकतो. अर्ज उशिरा केला म्हणून हक्क जात नाही. ग्रॅच्युइटी जप्त करण्याची कारणे कायद्यात मोजकी आहेत आणि ती गैरवर्तनासाठी कामावरून काढलेल्यांबाबत आहेत. नोटीस पुरी केली नाही, हे त्यांत नाही.

भविष्य निर्वाह निधी

पीएफमध्ये कर्मचाऱ्याचे १२ टक्के जातात. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये, पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले पीएफ खात्यात. खात्यातला मालकाचा वाटाही पहिल्या महिन्यापासून कर्मचाऱ्याचाच असतो आणि मालकाला त्यातून कोणतीही वसुली करता येत नाही.

नवी नोकरी लागली, तर पैसे काढण्यापेक्षा खाते वर्ग करणे केव्हाही बरे. सलग पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागतो आणि वर्ग केलेल्या खात्याची आधीची सेवा या पाच वर्षांत धरली जाते. पेन्शनला दहा वर्षे लागतात. चार, तीन आणि चार वर्षांच्या तीन नोकऱ्या करून दरवेळी पेन्शनचे पैसेही काढणाऱ्याच्या हाती शेवटी काही राहत नाही. तीच अकरा वर्षे जोडून ठेवणारा ५८ व्या वर्षी पेन्शनला पात्र ठरतो. पैसे वर्ग होताना अडते ते बहुधा एका रिकाम्या रकान्यामुळे : जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते. त्यासाठी त्याच्या पाया पडण्याची गरज नाही. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले, की यूएएनच्या (पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक) पोर्टलवर कर्मचारी ती स्वतः नोंदवू शकतो.

बोनस आणि कागदपत्रे

पात्र वेतनमर्यादेतल्या व्यक्तीने आर्थिक वर्षात ३० दिवस काम केले असेल, तर त्या काळापुरता किमान ८.३३ टक्के बोनस तिचा असतो; वाटपाच्या दिवशी ती नोकरीत असायलाच हवी, अशी कायद्याची अट नाही. अनुभवपत्र, कार्यमुक्तीपत्र, शेवटच्या पगारपत्रकाची प्रत आणि कर कापल्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. कंपनीचा आरोग्य विमा सहसा शेवटच्या दिवशी संपतो, म्हणून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची चौकशी नोटिशीच्या काळातच करावी.

सरकारी नोकरी

येथे ‘राजीनामा’ आणि ‘स्वेच्छानिवृत्ती’ या दोन शब्दांत आयुष्यभराच्या पेन्शनचा फरक आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम ४६ नुसार राजीनाम्याने मागची सेवा जप्त होते, म्हणजे पेन्शनसाठी धरली जात नाही. वीस वर्षांच्या सेवेनंतर नियम ६६ खाली स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर ती टिकते. वीस वर्षे झालेल्याचा राजीनामा स्वेच्छानिवृत्ती मानता येणार नाही, असे केंद्राच्या अशाच नियमांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये सांगितले. परवानगीने दुसऱ्या सरकारी पदावर जाताना दिलेला तांत्रिक राजीनामा याला अपवाद. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांना राष्ट्रीय पेन्शन योजना लागू झाली. तिच्या खात्यातली जमा राजीनाम्याने बुडत नाही.

दाद कोठे मागावी

आधी कंपनीला येणे असलेली रक्कम आणि तिचा हिशेब मांडून लेखी मागणी करावी. पीएफसाठी भविष्य निर्वाह निधी संघटनेचे तक्रार पोर्टल, ग्रॅच्युइटीसाठी कामगार खात्यातला सक्षम प्राधिकारी, वेतन व बोनससाठी वेतन संहितेखालचा प्राधिकारी. वेतन-बोनसच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. प्राधिकारी मूळ रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. पैसे दिले की नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी संहितेच्या कलम ५९ ने मालकावर टाकली आहे.