नायगारा: मागे मागे सरकणारा धबधबा

कोरड्या पडलेल्या नायगाराचा तो जुना फोटो या आठवड्यात तीन ग्रुपवरून माझ्याकडे आला. खाली ओळ एकच: 'निसर्गाचा कोप'. फोटो खरा आहे, कोप मात्र नाही. १९६९ मध्ये जून ते नोव्हेंबर अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी नदीत तात्पुरता बांध घालून नायगाराचा एक भाग असलेल्या अमेरिकन फॉल्सचं पाणी शेजारच्या, त्याहून मोठ्या हॉर्सशू फॉल्सकडे वळवलं होतं. कड्याच्या पायथ्याशी साचलेला शिळांचा ढीग काढता येईल का, हे त्यांना पाहायचं होतं. शेवटी ढीग तसाच ठेवला.

कोपाची भाषा जुनीच आहे. १८४८ च्या मार्चअखेरीस वाऱ्यानं ढकललेला बर्फ नदी जिथून निघते त्या ईरी सरोवराच्या तोंडाशी अडकला आणि नदी खरोखरच थांबली. जगबुडी आली म्हणून लोक प्रार्थनेला धावले. बर्फ सुटला, पाणी आलं.

मला मात्र त्या ढिगाचं कुतूहल आहे. बोटीनं गेलात तर तो अगदी समोर दिसतो. 'मेड ऑफ द मिस्ट' आधी अमेरिकन फॉल्ससमोरून जाते. तिथं पाणी थेट नदीत पडतच नाही, खोलीएवढ्या शिळांवर आपटून फुटतं. थोडं पुढे हॉर्सशूच्या वळणात शिरलं, की तुषारांनी डोळे उघडवत नाहीत, हातातला कठडासुद्धा दिसेनासा होतो. पण ढीग कुठेच नाही! कड्याखाली तीसेक मीटर खोल डोह. दोन्हीकडे खडक तोच, उंचीही जवळपास सारखी. फरक पाण्याचा. नदीचं सुमारे ९० टक्के पाणी हॉर्सशूवरून पडतं, आणि कोसळलेल्या शिळा झिजवून वाहून नेण्याचा जोर त्याच्यातच आहे.

शिळा मुळात कोसळतात का, हे पाहायला बोटीतून उतरून दरीतल्या पायवाटेनं चालावं लागतं. भिंतीच्या माथ्यावर डोलोमाइट या चुनखडीसारख्या राखाडी खडकाचा जाड, कठीण थर आहे. त्याच्या खालचा शेल म्हणजे प्राचीन समुद्रतळाचा घट्ट झालेला चिखल. नखानं खरवडला तरी त्याचे पापुद्रे सुटतात. तुषारांनी भिजून, वाळून, हिवाळ्यात गोठून हा शेल झडत जातो. मग वरचा डोलोमाइट सज्जासारखा अधांतरी पुढे येतो.

आता सज्जाचं गणित पाहू. सज्जा दुप्पट लांब झाला, तर त्याचं वजन दुप्पट होतं आणि वजनाचा मध्यही मुळापासून दुप्पट लांब जातो. म्हणून मुळाशी वाकवणारा जोर चौपट. लांबी तिप्पट झाली तर नऊपट. सज्जाची वरची बाजू ताणली जाते, आणि दगड दाबाला भक्कम असला तरी ताणाला कच्चा. झालं, इथेच उत्तर सापडलं असं वाटतं. पण आकडे घालून पाहा. डोलोमाइटचं वजन घनमीटरला सुमारे २.८ टन. थर २० मीटर जाड आणि सज्जा ३ मीटरचा धरला, तर मुळाशी ताण येतो दर चौरस मीटरला जेमतेम ४ टन. अखंड डोलोमाइट याच्या कितीतरी पट ताण सहज सोसतो. म्हणजे तो तुटायलाच नको!

तुटतो, कारण तो अखंड नाही. त्यात उभ्या भेगा आहेत. भेगेपाशी ताण सोसायला दगडच नाही, भेगेपुढचा ठोकळा मुख्यतः खालच्या शेलच्या टेकूवर उभा. टेकू गेला की ठोकळा निखळतो. शिवाय भेगेतलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाचर मारल्यासारखं तिला रुंदावत नेतं. म्हणून इथली झीज कणाकणानं न दिसता एकदम दिसते. २८ जुलै १९५४ ला अमेरिकन फॉल्सला लागून असलेल्या प्रॉस्पेक्ट पॉइंटचा मोठा तुकडा असाच कोसळला, आणि तोही त्या ढिगात जाऊन पडला.

एकेक ठोकळा गळत धबधबा उगमाकडे सरकतो. जिथं पाणी जास्त तिथं कडा लवकर मागे हटतो, आणि मधोमध पाणी सर्वांत जास्त असल्यानं हॉर्सशूच्या काठाला घोड्याच्या नालेचा आकार आला. पूर्वी हा काठ वर्षाला मीटरभर मागे जात असे. आता वेग बराच कमी आहे, कारण वीजनिर्मितीसाठी अर्ध्याहून जास्त पाणी वरच्या वरच वळवलं जातं. अमेरिका आणि कॅनडा यांच्यातल्या १९५० च्या करारानुसार पर्यटनाच्या दिवसांत दिवसा सेकंदाला निदान २,८३२ घनमीटर पाणी धबधब्यावरून सोडावं लागतं, रात्री त्याच्या निम्मं.

दरीच्या काठानं खाली चालत गेलं, की सुमारे ११ किलोमीटरवर लुइस्टन गावापाशी दरी एकाएकी संपते. पुढं सपाट जमीन, आणि संथ झालेली नदी ओंटारिओ सरोवराकडे निघालेली. तिथून धबधबा दिसत नाही. १२,००० वर्षांपूर्वी तो इथेच पडत होता.