क्षयाची सुई आणि कानातल्या केसपेशी

1943 साली अमेरिकेतल्या रटगर्समध्ये, सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या विद्यार्थ्याने स्ट्रेप्टोमायसिन शोधलं. क्षयावर लागू पडलेलं हे पहिलं प्रतिजैविक. पण लवकरच रुग्णांच्या तक्रारी येऊ लागल्या: चालताना तोल जातो, कमी ऐकू येतं.

घशासाठी अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक घेणाऱ्याने मात्र हे वाचून गोळ्या बंद करू नयेत. खरा धोका प्रतिजैविकांच्या अमिनोग्लायकोसाइड गटाचा: स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, कॅनामायसिन, अमिकासिन. ही औषधं सहसा सुईनेच देतात.

अंतर्कर्णातल्या कॉक्लियात, म्हणजे ऐकण्याच्या शंखाकृती भागात, साधारण 15 हजार केसपेशी असतात. आवाजाने त्यांच्या टोकावरचे सूक्ष्म केस कलले की बारीक छिद्रं उघडतात, विद्युतभारित कण आत शिरतात आणि मेंदूला संदेश जातो. औषधाचे रेणूही याच छिद्रांतून आत घुसतात. ते लवकर बाहेर पडत नाहीत. म्हणून काहींचा कान कोर्स संपल्यावर बिघडतो. कोंबडीच्या मेलेल्या केसपेशी पुन्हा तयार होतात, आपल्या होत नाहीत.

पहिला मार बसतो तो अतिउच्च स्वर टिपणाऱ्या पेशींवर. रोजचं बोलणं त्याहून खालच्या पट्टीतलं, त्यामुळे रुग्णाला पत्ता लागत नाही. ‘काही त्रास होतोय का?’ एवढं विचारून भागत नाही, ते यासाठीच. उपचार चालू असताना ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करायला हवी, आणि किडनी अधू असेल तर जास्तच जपायला हवं, कारण औषध शरीराबाहेर जातं ते तिच्यातूनच.

काहींना मात्र थोडक्या डोसांतच बहिरेपण येतं. हे औषध जिवाणूंच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेवर, घाव घालतं. आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातले रायबोसोम मुळात जिवाणूंच्याच वंशातले. त्यांच्या जनुकात 1555व्या जागी एका अक्षराचा फरक असला, की ते जिवाणूंच्या रायबोसोमसारखे दिसू लागतात आणि औषध त्यांनाही पकडतं. हा दोष फक्त आईकडून येतो. तेव्हा सुई सुरू होण्याआधी आईकडची आजी, मावशी, मामा यांच्यापैकी कुणाला अशा औषधाने बहिरेपण आलं होतं का, ते डॉक्टरांना जरूर सांगावं.

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी आता बेडाक्विलिनसारख्या गोळ्या आल्या आहेत. कॅनामायसिन जागतिक आरोग्य संघटनेने त्या उपचारातून वगळलं. नवजात बाळाच्या रक्तातल्या जंतुसंसर्गावर मात्र जेंटामायसिन अजून लागतंच, आणि तिथे पहिला डोस तासाभरात द्यायचा असतो. इंग्लंडात मँचेस्टरच्या डॉक्टरांनी त्यावर उपाय काढला: बाळाच्या गालाच्या आतून कापसाने नमुना घ्यायचा. हा जनुकीय फरक आहे की नाही, ते 26 मिनिटांत कळतं, आणि असला तर दुसरं प्रतिजैविक देता येतं.